विमानाची पक्की वही

तो इंग्रज बहारीनमधल्या सलमाबादच्या भंगार यार्डात आला तेव्हा मे महिना होता आणि त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंत ओढलेले लोकरी मोजे होते. खाकी हाफपँट, डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीत चार रंगांच्या पेन्सिली, एक भिंग, पॉलिश पेपरचे तुकडे आणि एका विमानाची जन्मापासूनची हकिकत. तो निवृत्त शाळामास्तर होता. तरुणपणी लष्करात असताना तो त्या विमानावर उडायला शिकला होता, आणि आता पेन्शनीत बसून त्याचा सेवा-इतिहास लिहीत होता. कुठल्या तळावर किती वर्षं, कधी रंग बदलला, कधी इंजिन बदललं, कोणी कुठे आपटवलं. अशी पुस्तिका छापून घेणारे आणि ती विकत घेणारे लोक त्याच्या देशात आहेत असं तो म्हणाला. असतील. रिकामपण सगळ्याच देशांत असतं.

कंपनीने मला त्याच्याबरोबर पाठवलं होतं, कारण त्या विमानाचे बहारीनमधले कागद एके काळी मी सांभाळले होते. गाडीतच त्याने मला आपला कच्चा मसुदा वाचायला दिला. शेवटच्या पानावर एक ओळ होती : 'विमान निकामी होण्याचं कारण, स्थानिक फिटरचा निष्काळजीपणा.'

ती ओळ खोटी होती. ती खोटी आहे हे दोनच माणसांना माहीत होतं. एक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी होड्यांची इंजिनं दुरुस्त करत बसला होता. दुसरा मी, इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या गाडीत एसी लावून बसलो होतो.

मी बहारीनला आलो तो सत्तरीच्या दशकात, मीना सलमानच्या एका वर्कशॉपात कारकून म्हणून. बंदराला लागून असल्यामुळे जहाजांचे पंप, क्रेनी, जनरेटर असलं सगळं काम तिथे येई. एक चिल्लर काम विमानाचं होतं. ब्रिटिश सैन्य बेट सोडून गेलं तेव्हा लोखंडी खाटा, फ्रीज आणि बिलियर्डची टेबलं मागे टाकून गेलं, तसंच हे विमानही. शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं, एक इंजिन, दोन आसनं एकामागे एक, शेपटीखाली हातगाडीला असावं एवढंसं चाक. बड्या पगाराच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी एक फ्लाइंग क्लब काढून ते घेतलं. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत मुहर्रकच्या विमानतळावरून उडून ते बेटाला एक चक्कर मारत आणि उरलेला आठवडा त्या चकरेबद्दल बोलत. त्यांच्यातल्या कोणाला त्या विमानाचा एक स्क्रू ओळखता आला असता तर मी मिशी काढली असती.

स्क्रू ओळखणारा माणूस आमच्याकडे होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आमच्याच जिल्ह्यातला कोकणी मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. ब्रिटिशांच्या तळावर विमानं पुसायला लागला आणि पुसता पुसता शिकला. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. लायसन्सवाला साहेब दोन महिन्यांनी यायचा, मिस्त्रीने केलेल्या कामाखाली सही ठोकायचा आणि क्लबात जेवून परत जायचा.

विमानाची वही, म्हणजे लॉगबुक, ही त्याची पत्रिका आणि दवाखान्याचे केसपेपर एकत्र असतात. डावीकडे काय बिघडलं ते लिहायचं, उजवीकडे काय केलं ते आणि सही. नियम एवढाच की उजवी बाजू कोरी आहे तोवर विमान हलवायचं नाही. मिस्त्री डावीकडे लाल बॉलपेनने लिही. इंग्रजी स्पेलिंगं चुकलेली, अंगठ्याचा तेलकट ठसा पानावर, पण काय मोडलंय हे त्याने कधी चुकीचं लिहिलं नाही.

त्याची अजून एक सवय होती. धातूला चीर सापडली की तिच्या टोकाशी पिवळ्या तेलकट पेन्सिलीने तो एक आडवी रेघ मारी आणि शेजारी तारीख घाली. पुढच्या वेळी चीर रेघ ओलांडून गेली असेल तर ती वाढते आहे. मग नवी रेघ, नवी तारीख. तारीख तो आपल्या मराठी आकड्यांत लिही, कारण गावच्या मराठी शाळेत चार बुकं झाली होती. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, साहेबाला हे कसं वाचता येणार?"

"साहेबाला वही हाय," तो म्हणाला. "ह्या खुना माज्यासाठी. मास्तर, तू कदी विमानाच्या पोटात डोका घातलंस? नाय ना? आनि लिवतोस सगला."

मला तो मास्तर म्हणायचा ते माझ्या अक्षरामुळे. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. वळणदार अक्षर हा त्यांचा धर्म होता आणि त्या धर्माचा एक नियम असा, की आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं, आणि पक्कं झालं की कच्चं फाडून टाकायचं. घरात कच्च्या कागदाचा कपटाही दिसता कामा नये. पन्नाशी आली तरी मला खाडाखोड दिसली की अंगावर काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. ह्या गुणाचं मला आयुष्यभर कौतुक मिळालं. ज्या गुणाचं फार कौतुक होतं तो एकदा तपासून घ्यायला हवा होता.

एका मंगळवारी मिस्त्रीने उजव्या चाकाच्या पायावरचं, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावरचं, झाकण काढलं. त्या पायाच्या वरच्या जोडाला एक चीर होती, तिच्यावर तो काही आठवड्यांपासून नजर ठेवून होता. ती पुन्हा वाढली होती. त्याने तिसरी रेघ मारली, वहीत डावीकडे लाल शाईने लिहिलं की विमान उडवू नये, आणि त्याच दुपारी त्याला बंदरात लागलेल्या एका जहाजाच्या कामावर पाठवलं. दोन-तीन आठवड्यांचं काम. तो निश्चिंत गेला. वहीत लाल आहे, उजवी बाजू कोरी आहे. आता विमान कोण हलवणार?

बुधवारी मॅनेजरने मला बोलावलं. पुढच्या आठवड्यात क्लबाचा कोणी तपासनीस येणार होता. मॅनेजरने ती वही दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "ही काय वही आहे?" तो म्हणाला. "जरा दाखवण्यासारखी कर."

एवढंच. काही गाळ असं तो म्हणाला नाही. ते त्याच्या डोक्यात आलं असतं असंही मला वाटत नाही, कारण त्याने ती वही कधी वाचलीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नवी कोरी वही, दोन पेनं आणि पट्टी घेऊन बसलो. एवढ्या वर्षांच्या नोंदी, पंधरा-वीस हातांनी लिहिलेल्या. मी त्या एका हाताने उतरवू लागलो. जिथे सही होती तिथे आपल्याकडच्या कचेऱ्यांत नकलेवर लिहितात तसं 'सही/-' लिहीत गेलो. कोणाची सही, कशी सही, ह्याचं काही कारण उरलं नाही. सगळे एकसारखे झाले. बायको जेवायला हाका मारत होती. "अहो, उठा की! वही काय पळून जाणार आहे?" मग ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, छापल्यासारखं दिसतंय हो." मला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं मी लपवणार नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं.

दुपारी मी शेवटच्या नोंदीवर आलो. लाल, तेलकट, तीन स्पेलिंगं चुकलेली. उजवी बाजू कोरी.

मी ती गाळली.

का, ह्याचं उत्तर मी इतकी वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने स्वतःला दिलं. मिस्त्री नेहमीच कुरकुर करतो असं मला वाटलं. साहेब येईल, बघेल असं वाटलं. जोड एव्हाना दुरुस्त झाला असेल असंही वाटलं. ही सगळी उत्तरं मी नंतर शोधलेली आहेत. त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट होती. सगळी वही भरलेली, दोन्ही बाजू सारख्या, आणि शेवटच्या पानावर उजवीकडे एक भोक. पान वाईट दिसलं असतं. पान वाईट दिसू नये म्हणून मी दोन माणसांना त्या जोडावर बसवलं.

शनिवारी नव्या वहीवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला, मॅनेजरने त्याखाली न वाचता सही केली. जुनी वही मी वर्कशॉपमागच्या पिंपात तेलाच्या चिंध्यांबरोबर जाळली. कोणी जाळायला सांगितली नव्हती. पक्कं झालं की कच्चं ठेवायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं होतं. तपासनीस आला, त्याने पानावरून हात फिरवला आणि म्हणाला, इतकी सुंदर लॉगबुक मी कुठे पाहिली नाही. त्या मूर्खाला हे विचारावंसं वाटलं नाही की विमानाची वही सुंदर कशी असते.

मिस्त्रीने तिसरी रेघ मारली त्याला सतरा दिवस झाले तेव्हाच्या शुक्रवारी विमान मुहर्रकला उतरताना उजवा पाय जोडापाशी तुटला. विमान कलंडून पंखावर घासत गेलं. मागे बसलेल्या शिक्षकाचा मणका दुखावला, तो पुन्हा सरळ चालला नाही. पुढच्या शिकाऊ साहेबाचा जबडा मोडला. दोघं जगले. जगले हे माझं नशीब, माझी अक्कल नव्हे.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. एसी चालू, चहा, बिस्किटं, टेबलावर माझी सुंदर वही. मुहर्रकच्या शेडमध्ये मोडलेलं विमान उभं होतं, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, पण तिथे जाऊन त्या तुटलेल्या पायाकडे पाहावं असं कोणाला वाटलं नाही. कागद स्वच्छ असला की मग वस्तूकडे कशाला बघायचं? मिस्त्रीला जहाजावरून बोलावून आणलं होतं. तो दारातच उभा राहिला.

"साब, मैंने लिखा है," तो म्हणाला. "लाल में. आखरी पन्ना. उडाने का नहीं, ऐसा लिखा है."

मॅनेजरने शेवटचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. लाल काही नव्हतं. मिस्त्रीने पान पाहिलं, अक्षर ओळखलं आणि माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरही माझ्याकडे वळला. "जुन्या वहीत अशी काही नोंद होती का?"

माझा घसा कोरडा पडला होता असं लिहायचा मोह होतो. नव्हता पडला. मी स्पष्ट, शुद्ध इंग्रजीत म्हणालो, "जे होतं ते मी उतरवलं आहे, सर."

मिस्त्रीचा व्हिसा रद्द झाला. दोन आठवड्यांत खलास. जायच्या दिवशी तो गेटवर पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होता. मी आत शिरत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मास्तर," तो म्हणाला, "अक्षर मात्र लय चांगला हाय तुजा."

ह्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत माझं चांगलंच चाललं. बढती मिळाली, मोठा फ्लॅट मिळाला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कार्यक्रमांचे फलक मी रंगवायचो आणि बायका मुलांना बोट धरून दाखवायच्या की बघ, अक्षर असं काढायचं. मी मान खाली घालून हसायचो. त्यांना तो विनय वाटायचा. मंडळात रत्नागिरीकडचं कोणी नवं भेटलं की मी विषय बदलायचो. माणूस इतका हलका असूनही जमिनीवर टिकून कसा राहतो, ह्याचं मला आश्चर्य वाटायचं.

मग सौदीला जोडणारा पूल झाल्यानंतरच्या काळात तो मोजेवाला इंग्रज आला.

विमानाचा सांगाडा क्लबाने कधीच भंगारात काढला होता. सलमाबादला एका यार्डात, रंगाच्या गोदामामागे तो पडला होता. इंजिन नाही, काचा नाहीत, एका पंखाच्या सावलीत बकऱ्या बसलेल्या. इंग्रजाने टोपी काढली. मला वाटलं घाम पुसायला. नाही, मान द्यायला. यार्डाचा रखवालदार माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसलो.

तीन दिवस मी त्याच्याबरोबर होतो. तो शेपटीवर पॉलिश पेपर घासून एकेक रंग उघडा करायचा. वरचा पांढरा क्लबाचा. त्याखाली राखाडी, तो आखातात आल्यावरचा. त्याखाली रुपेरी, त्यावर नारिंगी पट्टे. सगळ्यात खाली पिवळा. तो पिवळा दिसला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याच रंगात असताना तो त्यावर शिकला होता. मग त्याने मला सांगितलं की अमुक तळावर शेडचं दार लागून त्याची शेपटी चेपली, तमुक ठिकाणी एका घाबरट पोराने त्याला नाकावर उभं केलं, इंजिनं इतकी झाली, टायर इतके. सगळ्याला त्याच्याकडे कागद होते. नव्हते तिथे त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना पत्रं लिहून विचारलं होतं.

"आणि बहारीनमध्ये हे कोण दुरुस्त करायचं?" मी विचारलं.

"स्थानिक फिटर," तो म्हणाला आणि घासत राहिला.

इतक्या टायरांचा हिशोब असलेल्या माणसाला ते बदलणाऱ्या हातांबद्दल एक शब्द पुरला. मला त्याचा तिटकारा आला. तिटकारा येण्याचा अधिकार मला किती होता ते मला ठाऊक आहे. तरी आला.

तिसऱ्या दिवशी तो उताणा होऊन सांगाड्याखाली सरकला. तुटलेल्या उजव्या पायाचा वरचा खुंट अजून जागेवर होता आणि त्यावर पत्र्याचं झाकण होतं. चौकशीवाल्यांनी न उघडलेलं, भंगारवाल्यानेही न उघडलेलं. त्याने चार स्क्रू काढले. "अरे," तो म्हणाला, "हे काय आहे? अरबी?"

मी गुडघे टेकून वाकलो. आत ऊन गेलं नव्हतं, वारा गेला नव्हता. तीन पिवळ्या रेघा कालच मारल्यासारख्या होत्या. प्रत्येकीशेजारी मराठी आकड्यांत तारीख. तिसरी अपघाताच्या सतरा दिवस आधीची.

"असेल कोणा भंगारवाल्याची खूण," मी म्हणालो.

म्हणजे मी पुन्हा खोटं बोललो. आठ-नऊ वर्षं जी संधी मी मागत होतो असं स्वतःला सांगत होतो, ती हातभर अंतरावर होती, आणि मी मागच्या वेळेपेक्षा चटकन खोटं बोललो.

इंग्रजाने मान हलवली. त्याने वही काढली, पिवळी पेन्सिल काढली आणि भिंगातून बघत बघत त्या रेघा आणि ते आकडे चित्र काढावं तसे उतरवू लागला. अर्थ कळत नसताना, काही न गाळता. अर्थ कळत असताना मी जे केलं नव्हतं ते तो करत होता. तिसऱ्या तारखेत नऊचा आकडा होता. त्याने नऊचा पाय उलट्या बाजूला वळवला. बावळट, गिचमिड झालेला नऊ.

"नऊ तसा नसतो," मी म्हणालो. "पाय इकडे वळतो."

त्याने भिंग खाली केलं. बकऱ्या रवंथ करत होत्या.

"म्हणजे तुम्हाला हे वाचता येतं," तो म्हणाला.

माझ्या सदसद्विवेकबुद्धीने मला बोलतं केलं असं लिहिता आलं तर किती बरं झालं असतं. एका वाकड्या नऊने केलं. अक्षराच्या ज्या घमेंडीने मिस्त्रीला घालवलं, तिनेच माझं तोंड उघडलं. आता दुसरं खोटं सुचेना. मी तिथेच, सांगाड्याशेजारी धुळीत बसून सगळं सांगितलं. लाल नोंद, शुक्रवार, पिंप, चौकशी, मी म्हटलेलं वाक्य.

त्याचा चेहरा उजळत गेला. "उत्तम!" तो म्हणाला. "ही एक फट राहिली होती. एवढा नीट सांभाळलेला पाय कसा तुटला हे मला कळतच नव्हतं." मग त्याने विचारलं की लाल पेन होतं की पेन्सिल, आणि जुनी वही किती पानी होती. मी सांगितलं. तो लिहून घेत गेला. तो फिटर कुठे असतो, जिवंत आहे का, हे त्याने विचारलं नाही. मी वाट पाहिली. नाहीच विचारलं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आता कशाला उकरताय? त्याचं झालं ते झालं, आपलं नीट चाललंय ना?" मुलगी तेव्हा पंधरा-सोळाची. मराठी सगळं कळायचं, बोलायची इंग्रजीत. तिने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "डिड यू से सॉरी टू हिम, बाबा?"

"नाही अजून."

"देन?" ती म्हणाली आणि परत वाचू लागली.

कंपनीत नव्या मॅनेजरलाही सांगितलं. नोकरी जाईल ह्या तयारीने गेलो होतो. तो म्हणाला, जुनी गोष्ट आहे, विसरून जा, आणि जाताना दार लावून घे. म्हणजे शिक्षा द्यायचीही कोणाला फुरसत नव्हती. मिस्त्रीला हाकलायला मात्र तीन जण चहा-बिस्किटं घेऊन बसले होते.

काही महिन्यांनी पुस्तिका टपालाने आली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. शेवटची ओळ बदलली होती : 'स्थानिक फिटरने चिरेची नोंद केली होती, परंतु वहीची नक्कल करताना ती राहून गेली.' खाली तीन पिवळ्या रेघांचं चित्र होतं. ती पुस्तिका बॅगेत टाकून मी लीव्हवर गेलो आणि गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी एसटीने मिस्त्रीच्या गावाला उतरलो.

तो धक्क्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. समोर उघडलेलं डिझेल इंजिन, बाजूला होडीचा मालक बिडी ओढत बसलेला. मिस्त्री वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. त्याने मला ओळखलं, पण हातातला पाना ठेवला नाही.

"काय मास्तर," तो म्हणाला. "वाट चुकलंस?"

मी बोलायची तयारी करून गेलो होतो. त्याऐवजी मी पुस्तिका पुढे केली, शेवटचं पान उघडून दिलं आणि ओळ मराठीत सांगितली. त्याने हात चिंधीला पुसून चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"माज्या रेगा," तो म्हणाला. मग आकड्यांवर बोट ठेवून म्हणाला, "नऊ बरा काडलान साहेबान."

"तो मी सुधारून दिला."

"तरी म्हटला. तुजा हात लागल्याबिगर रवतोय काय!" तो पहिल्यांदा हसला, आणि ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मग त्याने बिडीवाल्याकडे मान वळवली. "ह्येका इचार, हिता माका काय बोलतात."

होडीवाला ओशाळला. "चेष्टा असते ती, मिस्त्री."

"सांग की."

"म्हणतात," होडीवाला म्हणाला, "इंजिन नीट कर हां मिस्त्री, आमची होडी आहे, इमान नव्हे पाडायला."

"आट-नऊ वर्सां," मिस्त्री म्हणाला. "माज्या पोराचा लगीन जुळताना पन हाच बोलला एक जन. आता तू हा इंग्रजी बुक आनलंस. हिता इंग्रजी कोन वाचतो? मराटीत लिव. आत्ता, हिताच."

पुस्तिकेच्या शेवटी एक कोरं पान होतं. त्याने त्यावर बोट ठेवलं. मी खिशातून पेन काढलं आणि सवयीने म्हणालो, "आधी एखाद्या कागदावर कच्चं लिहितो, मग..."

"कच्चा नाय," तो म्हणाला. "एकदाच."

फळी गुडघ्यावर घेऊन मी लिहिलं. त्याने वर्कशॉपच्या वहीत चीर असल्याचं आणि विमान उडवू नये असं लिहिलं होतं, मी वही उतरवताना ते माझ्याकडून चुकून राहिलं, जुनी वही मी जाळली, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. फळी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. मी त्याला वाचून दाखवलं.

"चुकून?" तो म्हणाला.

मी तो शब्द पुन्हा वाचला.

"चुकून नाय. काड तो."

मी त्या शब्दावर आडवी रेघ मारली. माझ्या पक्क्या लिखाणातली ती पहिली खाडाखोड. खाली 'सही/-' नव्हे, पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, सगळं लिहायला लावलं त्याने. मग ते पान पुस्तिकेतून हळूच फाडून घेतलं आणि पुस्तिका माझ्या हातात परत दिली. विमानाशी त्याचं काही काम नव्हतं. त्याने मला माफ केलं नाही, चहा विचारला नाही. मीही त्याची वाट पाहिली नाही. आयुष्यात एवढीच एक अक्कल मला वेळेवर आली.

धक्क्यावर दोन होड्या लागल्या होत्या, चार माणसं जाळी उतरवत होती. मिस्त्रीने पान होडीवाल्याला दिलं. "शिकलेला हायस ना? त्येंच्यात जाऊन मोट्यान वाच."

होडीवाला धक्क्यावर जाऊन उभा राहिला. माणसं थांबली. मी शेडच्या दाराशी होतो, माझं नाव मला ऐकू येणार होतं. तो वाचू लागला आणि दुसऱ्याच ओळीत अडखळला.

"हे खोडलंय मिस्त्री," तो ओरडला. "हे सोडू ना?"

"नको," मिस्त्री म्हणाला आणि परत इंजिनावर वाकला. "खोडलेला पन वाच."